ताप उतरल्यावरचं रक्त

माय, दुखणं अंगावर काढत गेलेल्या आणि मागं 'साध्या तापानं गेली' एवढंच बोलणं उरलेल्या तुझ्यासारख्या सगळ्या बायांच्या वतीनं मी आजवर चौकाचौकांत ओरडत आलो. सरकारवर, दवाखान्यांवर, औषधवाल्यांवर. एका माणसावर मात्र कधीच बोललो नाही.

चार दिवस तू तापानं फणफणलेली. पाचव्या दिवशी तुला घाम सुटतो, बाबा कपाळाला हात लावून म्हणतात, "उतरला." आपल्याकडे घाम सुटला की दुखणं संपलं. मी तुला मुगाची खिचडी भरवतोय आणि तू म्हणतेस, "श्वास पुरत न्हाई रे." सभांमध्ये मी सांगतो, डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे. डॉक्टरला आपण बोलावलंच नव्हतं. ते मी म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

गेल्या महिन्यात तुझ्या लेकीला, अक्काला, परतूरच्या दवाखान्यात ठेवलं. नाकातला नमुना तपासला, इन्फ्लुएन्झा निघाला. पाचव्या दिवशी तिला घाम सुटला आणि मी तिची पिशवी भरायला घेतली. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजचा रक्ताचा रिपोर्ट बघितल्याबिगर सोडणार न्हाई." मी पेटलो. वॉर्डात उभा राहून गरिबाच्या रक्तावर चालणाऱ्या धंद्याबद्दल असा बोललो, की शेजारच्या खाटेवरच्या चाचांनी टाळी वाजवली. अक्का धापा टाकत म्हणाली, "भाऊ, इथं माईक न्हाई. बस खाली."

"झालं, सायेब?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मंग आता माझं बराबर ऐका." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट परवापेक्षा निम्म्यावर आल्या होत्या आणि अंगातली सूज दाखवणारा सीआरपी चढत होता. "एकट्या आकड्यावर मी जात न्हाई. पण ह्यांची धाप अन् हे आकडे एकच सांगून राह्यलेत. ताप गेला, दुखणं छातीत उतरून राह्यलंय. जल्दी जालन्याला न्या."

नेलं. त्याच संध्याकाळी तिला ऑक्सिजन लागला. नऊ दिवसांनी अक्का स्वतःच्या पायांनी जिना उतरली, गाडीत बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बैलगाडी हाकून राह्यला का बाबा?" मी खिडकीकडं तोंड करून रडलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, माय.

हे पत्र कुठं टाकणार? त्या डॉक्टरीणबाईंची माफीही मी अजून मागितलेली नाही; शब्दांवर जगणाऱ्या माणसाला ते चार शब्द सापडेनात. पण उद्या वडीगोद्रीला सभा आहे आणि तिथं मी एवढंच बोलणार आहे: लोकहो, ताप उतरूनही माणसाला धाप लागत असेल, तर त्याला घरी ठेवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि रक्त तपासून घ्या.