शेवंतीला पाणी कुणाचं?

९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार
दुरुस्ती. महिला दूध सोसायटीच्या हॉलमधल्या फुलांच्या प्रदर्शनातली शेवंती प्लास्टिकची आहे, असं काल लिहिलं. चूक. आज कुणी बघत नसताना एक पाकळी चावून पाहिली. कडू. खरी आहे. (माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरी शिकवताना नियम घालून दिला होता : चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची.)
पण मग प्रश्न जास्त गंभीर. आमच्या नेकनुरात टँकर आठवड्यातून एकदा. जनावरं विकली गेली, दूध आटलं, म्हणून हॉल रिकामा. आणि तिथे फुलं डोलताहेत! पाणी कुठलं? चेअरमन केशरबाईंना विचारलं. हसून म्हणाल्या, तुला म्हाईत न्हाई व्हय? हसल्या, म्हणजे टँकरचंच.
रोज फोटो काढून पुरावा जमवणार. न चुकता.

१० फेब्रुवारी
फोटो नाहीत. तपासाला डोकं स्वच्छ लागतं, म्हणून न्हाले. मावशीने दिलेला चंदनाचा साबण. दोनच बादल्या.

११ फेब्रुवारी, सकाळी
जवळून फोटो काढले. मातीवर फेस! वाकून वास घेतला. चंदन. शेवंतीला चंदनाचा वास येत नाही. पाहुण्यांना भुलवायला अत्तर शिंपडतात वाटतं. केशरबाईंवर बारीक लक्ष ठेवायला हवं.

१२ फेब्रुवारी
चोर सापडला! अंघोळ उरकून गेले आणि खिडकीतून फोटो घेतला. पाठमोरी बाई, डोक्यावर पदर, कुंड्यांत पाणी ओततेय. हिरवं लुगडं, आईच्यासारखं. एकाच बाजारातलं असणार. बादलीला कडीच्या जागी सुतळी. आमच्याही बादलीला आहे. गावात पद्धतच दिसते.
आईला सांगायला धावत घरी आले. आई नव्हती. बादलीही नव्हती. म्हणजे चोरी आमच्याकडेही! आईला कळवलं नाही. उगाच घाबरायची.

१३ फेब्रुवारी, शनिवार
भरल्या हॉलमध्ये सगळ्या बायकांना फोटो दाखवला. बजावलं, सोमवारी तहसीलमध्ये तक्रार देते, प्रदर्शन बंद पाडते. फोटो हातोहात फिरला. मग शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, आगं, ही तर तुजी माय हाय.
आई पुढे आली. म्हणाली, व्हय, मीच. तुजं न्हाणीचं पाणी आणते. कशापायी वाया घालायचं?
असं कळलं की सगळ्याच बायका घरी घमेल्यात बसून अंघोळ करतात आणि ते पाणी इथे आणतात. केशरबाई म्हणाल्या, आमच्या घरून तांब्याभर निघतं, तुज्या घरून बादल्या. तू हायस म्हून शेवंती हाय बग! हॉलभर हशा. आई हसली नाही.
परतताना विचारलं, तू घमेल्यात बसतेस का? म्हणाली, तुजं झाल्यावर पाणी कुटं उरतंय? टँकर येऊन गेल्यापासनं मी नुसतं तोंडच धुतेय.
रात्री जेवण गेलं नाही. निश्चय : तांब्याभर पाण्यातच अंघोळ, घमेल्यात बसून. उद्यापासून.
दुरुस्ती. प्रदर्शन उद्या संपतंय. एकदम पाणी तोडलं तर शेवंती मान टाकेल. शिवाय रविवारी केस धुवायचे असतात. म्हणून सोमवार, १५ फेब्रुवारी.