आमच्यात कुणाला न्हाई

४ नोव्हें., सोम.
पडले. ग्राउंडवर, सगळ्या पोरींसमोर. आठशे मीटर चांगलं मारलं होतं, टायमिंगही बरं. नंतर खाली बसून पाय ताणत होते, तर दरदरून घाम सुटला, हात थरथरले, शेजारी बसलेली वैशू काय बोलतेय कळेना. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर नाकाला चप्पल. कुणाची कोण जाणे, शेण लागलेली. मिरगीवालीला हुंगवतात तशी. मागून एक जण व्हिडिओ काढतोय. शी! आणि म्हणे पोलीस भरतीला निघालीय.

आईला कुणीतरी बोलावून आणलं. भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनी आम्हा दोघींसमोरच विचारलं, "घरात कुणाला मिरगी आहे का?"
मी म्हणाले, "नाही सर. उपाशी होते, म्हणून."
आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाई साहेब. आमच्यात कुणाला न्हाई."
आई. तिला झटका आला की लोक चप्पल हुंगवतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

५ नोव्हें., मंगळ.
सरांनी माझ्यासाठी उकडलेली अंडी आणली. "उपाशी पळायचं नाही, बाळा." वैशूनेही तिचं केळं दिलं. खाल्लं. खोटं बोलून अंडी खाताना लाज कशी वाटत नाही मला? वाटते. तरी खाल्ली.

आईने नेहमीसारखा, गरगरलं की चघळायला, पदराला गूळ बांधला आणि कासारवाडीच्या स्टॉपवर उभी राहिली. मी, आई, वैशू, तिघी महाळुंग्याच्या एकाच कंपनीत, एकाच बसने. आईचं हे तिथे कुणालाच माहीत नाही. कळलं तर कॉन्ट्रॅक्टवाला आईला उद्याच घरी बसवेल.

९ नोव्हें., शनि.
परत झालं, ग्राउंडवरून घरी आल्यावर. दवाखान्यात बोटाला टोचून बघितलं, साखर पार खाली. मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं.

१६ नोव्हें., शनि.
मोठ्या हॉस्पिटलात एका जागची सायकल जोरात मारायला लावली आणि सारखं रक्त काढलं. साखर खाली, इन्सुलिन वर. डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरात कुणाला असं होतं का? आई शेजारच्या खुर्चीत. मी परत नाही म्हणाले. जीभ झडली नाही माझी. रक्त जीनच्या तपासणीला गेलंय.

१२ डिसें., गुरु.
रिपोर्ट आला. मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. जोरात पळालं की स्नायूंत लॅक्टेट तयार होतं. पेशीतून ते आत-बाहेर जायला एक दार असतं, एमसीटी-वन नावाचं प्रोटीन. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना ते दार जवळजवळ नसतंच. माझ्या जीनमध्ये बदल आहे म्हणून ते दार तिथेही बसलंय. मी पळाले की लॅक्टेट वगैरे त्यातून आत शिरतं, पेशीला वाटतं बाई जेवली, की सोड इन्सुलिन. जेवण नाहीच, मग साखर कोसळते.
"ही मिरगी नाही. बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं."
आई पंख्याकडे बघत बसली.
चाललं तर चालेल, जीव तोडून पळणं बंद. मी म्हणाले, "भरतीचं ग्राउंड?" मॅडम म्हणाल्या, "आठशे मीटर कुणी सावकाश पळतं का?"

गेटबाहेर आई पायरीवर बसली. "म्हंजी मला बी मिरगी न्हाई?"
"नाही गं आई."
"तुज्या बापानं त्याच्यापायीच टाकलं व्हतं मला." हसत होती की रडत होती, देव जाणे.
बापाने टाकलं, मी दोनदा नाकारलं.
मग डोळे पुसून म्हणाली, "तू सांगू नगंस कुनाला. तुजी भरती व्हऊ दे."

१५ डिसें., रवि.
ग्राउंडला गेले. पाय मुरगळलाय म्हणाले आणि कडेला बसले. सरांनी मलम दिलं. अजून एक खोटं.

१७ डिसें., मंगळ.
उशीर माझा. मी गल्लीतच, बस सुटलेली. आई बसमागे जोरात धावली, पत्रा बडवत. "थांबीव रं, माजी पोरगी येतीया!" थांबली बस.
चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि आईची मान कलली. बरळायला लागली. पदर चाचपला, गूळ नाही. माझा डबा भरायच्या घाईत राहिला असणार. मागच्या सीटवरच्या बाईने पायातली चप्पल काढली.

"चप्पल खाली ठेवा!" एवढी ओरडले की ड्रायव्हरने वळून बघितलं. "मिरगी नाहीये तिला, साखर उतरलीय. मलाही हेच आहे. ग्राउंडवर हेच झालं होतं."
वैशू माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या थर्मासमधला गोड चहा पुढे केला. घोट घोट पाजला.

कंपनीचे सुपरवायझर साहेब पुढच्या सीटवरून उठून आले. "कधीपासून आहे हे मावशींना?"
मी सांगणारच होते. तेवढ्यात आईच्या डोळ्यांत ओळख आली. तिने मला बघितलं, साहेबांना बघितलं. हनुवटीवरून चहा ओघळत होता, तो पुसायच्या आधी म्हणाली,
"न्हाई साहेब. माज्या पोरीला काय न्हाई. आमच्यात कुणाला न्हाई."

आता घरी. सरांचा मेसेज आलाय: वैशाली काहीतरी सांगत होती, उद्या ये, बोलू. अजून उत्तर दिलेलं नाही. आई विचारतेय, तुजं पळायचं बूट पुसून ठिवू का.