एकतीस नंबरचे तेरा वॉट

सोमवार, १३ एप्रिल २०२६, डार्मश्टाट, जर्मनी

आले बाई एकदाची! नवी वही, नवं पेन, नवी नोकरी. संस्था संशोधनाची, लहानशी. इमारत जुनी पण ऐसपैस, दारातच ट्राम थांबते. माझी खोली पहिल्या मजल्यावर, खिडकीत कुणीतरी सोडून गेलेला कॅक्टस. फ्राउ डॉ. राइनहोल्ड, म्हणजे माझ्या बॉस, स्वतः किल्ली द्यायला आल्या. म्हणाल्या, सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ, आहे, पण काळजी करू नकोस. ज्याने काळजी करू नको म्हटलं त्याच्यामुळेच काळजी सुरू होते, हा माझा अनुभव! या सहा महिन्यांत पास झाले तर ऑक्टोबरात माझा नवरा ध्रुव आणि लेक ईश्वरी सांगलीहून कायमचे इकडे येणार. नापास झाले तर मीच परत. सहा वर्षांच्या लेकीला रोज फोनवर 'अजून किती दिवस' याचं उत्तर द्यायचंय, तेव्हा स्वरूपाबाई, पास व्हा.

एकच गालबोट, स्वयंपाकघर. फ्रिज उघडला तर कुणाचं तरी चीज, पावसात भिजलेल्या पायमोज्यांच्या वासाचं. बेसिनमध्ये केसांचा गुंता. मला अस्वच्छता सोसत नाही, सासूबाई म्हणतात ही नाक घेऊनच जन्माला आली. सगळं बेसिन घासून काढलं. तिथल्या फलकावर सहलीचा फोटो आहे, त्यात माझ्या जागेवर आधी असलेला हेर आल्ब्रेख्ट (इथे फ्राउ म्हणजे श्रीमती आणि हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे!). दाढी, ढेरी, अंगठ्यात रुंद चांदीची अंगठी. अंगठ्यात अंगठी घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तो दीड वर्षापूर्वी एक दिवस यायचाच बंद झाला म्हणे. एकटा होता, सगळ्यांना वाटलं स्पेनला गेला.

बुधवार, १५ एप्रिल

कामाला लागले. इथे फोन, कॅमेरे, वाय-फायचे डबे यांना वेगळी वीज लागत नाही, नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. ती वाटतो स्विच, अठ्ठेचाळीस भोकांचा डबा. प्रत्येक भोक म्हणजे एक पोर्ट. कुठलं पोर्ट किती वॉट खातं यावर नजर ठेवायची आणि यादी चोख करायची, हे माझं पहिलं काम. फोन तीन वॉट, कॅमेरा चार, वाय-फायचा डबा अकरा. पंगतीत वाढप्याने पानं मोजावीत तसं काम आहे, मला आवडतं.

पंगतीत एक आगंतुक सापडला. पोर्ट एकतीस. यादीत नाव नाही, खोली नाही. दीड वर्षाच्या आलेखात एकच सरळ रेघ, तेरा वॉट. माहितीचं एक अक्षर पाठवत नाही, नुसतं खातं. आणि पलीकडे खरंच काही असल्याशिवाय स्विच वीज सोडत नाही. आधी बारीकशी चाचपणी करतो, ठरावीक उत्तर आलं तरच वाढतो. तुटक्या केबलला थेंबही मिळत नाही.

हाउसमाइस्टर हेर त्सोलर, म्हणजे इमारत सांभाळणारे काका, यांना विचारलं. हो, हो, म्हणाले, ती केबल तळघरात जाते. पुढे कुठे, ते माहीत नाही. चालतंय ना, मग चालू दे.

शुक्रवार, १७ एप्रिल

तळघरात जाऊन आले. शी! केबल फायलींच्या कपाटामागे जाते आणि सरळ भिंतीत शिरते. भिंतीला तेवढ्या भागात ओल आहे, आणि भिंत कोमट आहे. वास फरशी पुसायच्या ओल्या फडक्याचा, चार दिवस बादलीत राहिलेल्या. हात लावल्यावर गिलावा किंचित आत दबला, फुगून आलेल्या पिठासारखा. वर येऊन तीनदा साबणाने हात धुतले. हेर त्सोलर यांना सांगितलं तर म्हणाले, आल्झो, आता काय, जुनी इमारत आहे.

सोमवार, २० एप्रिल

आज उल्हास सरांची आठवण काढली. पुण्यातले माझे पहिले साहेब. त्यांचा एकच मंत्र होता, कागद शोधत बसू नका, बंद करून बघा, ज्याचं असेल तो बोंबलत येईल. आमच्या धंद्यातलं हे ब्रह्मास्त्र. वोल्फ्सबुर्गच्या शाखेत तनय म्हणून नागपूरचा मुलगा आहे. मी नसेन तेव्हा तो तिथून आमचे स्विच बघणार, त्याचे मी. त्याला फोनवर हा मंत्र दिला, तो पोट धरून हसला. म्हणाला, ताई, इथे तर एक बटण दाबायला तीन सह्या लागतात.

हेर त्सोलर यांना कुणकुण लागली. जिन्यात अडवून म्हणाले, लीबर निश्ट, नको तेच बरं. का, ते सांगेनात. मग मी कशाला ऐकते? दुपारी तीन वाजता पोर्ट एकतीस बंद केलं. तेरावरून शून्य. छान वाटलं.

मंगळवार, २८ एप्रिल

आठ दिवस झाले. कुणी बोंबललं नाही. यादीत लिहून टाकलं, पोर्ट एकतीस मोकळं. फ्राउ राइनहोल्ड म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, अशीच माणसं हवीत. संध्याकाळी ईश्वरीला सांगितलं, आईला शाबासकी मिळाली.

फक्त वास वाढलाय. आता जिन्यापर्यंत येतो. उंदीर मेला असेल, असं सगळे म्हणतात आणि खिडकी उघडतात. आणि तळघराच्या दारावरचा कॅमेरा, पोर्ट चोवीस, कालपर्यंत चार वॉट खायचा, आज तेरा. चित्र काळं. जाऊन केबल उपसली तर टोकाबरोबर भेंडीसारखी तार आली. गुलबट, कोमट, लांबच लांब. तुटेना. बोटाने तोडली. डाव्या हाताच्या तर्जनीने. कशाला तोडली मी? हातमोजे खिशात होते! तिथेच कोपऱ्यात ओकले.

सोमवार, ४ मे

बोट पांढरं पडलंय, दिवसभर धुणं धुतल्यासारखं सुरकुतलेलं. दुखत नाही. उलट काहीच कळत नाही, सुई टोचली तरी. डॉक्टरांचं टर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

स्वयंपाकघरातला फोन, पोर्ट सोळा. तेरा वॉट. म्हणजे चढतंय. आधी तळघर, मग जिना, आता वरचा मजला. माझ्या मजल्यावर. मी उघडून बघितलं नाही. फ्रिजमधल्या त्या चीजचा वास आज मला बरा वाटला, याचीच किळस आली.

मंगळवार, ५ मे

पोर्ट एकतीस पुन्हा चालू केलं. वाटलं, त्याचं त्याला मिळालं तर परत जाईल. स्विच म्हणाला, पलीकडे काही नाही. मग केलं बंद कशाला, स्वरूपा? तेव्हा होतं ना काहीतरी.

हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून तळघरात गेले. गिलावा आपोआप गळून पडला होता. आत भिंतीला पोकळी. त्यात जे होतं ते लिहून ठेवते. मऊ, राखाडी, सांडलेलं. साय धरलेलं. त्यात केस. दाढीचे. केबलच्या आठ तारा सुट्या होऊन एका हातात शिरल्या होत्या, मनगटापर्यंत, मुळांसारख्या. हाताचं बाकी काही उरलं नव्हतं, अंगठा होता. अंगठ्यात रुंद चांदीची अंगठी.

दीड वर्ष तेरा वॉटवर तो जिवंत होता. म्हणून आलेखाची रेघ सरळ होती. वीस तारखेला तीन वाजता मी त्याला बंद केलं.

ओरडला असेल. तळघरातल्या भिंतीत, ऐकायला कोण होतं? आणि मी लिहिलं, कुणी बोंबललं नाही.

शुक्रवार, ८ मे

सांगायला हवं. हेर त्सोलर यांना गाठलं तर ते माझ्या बोटाकडे बघून दोन पायऱ्या मागे सरकले. म्हणाले, आल्ब्रेख्टचंही बोटापासूनच सुरू झालं होतं. म्हणजे यांना ठाऊक होतं! त्यानंतर ते आलेच नाहीत, आजारी असल्याची चिठ्ठी पाठवली.

फ्राउ राइनहोल्ड यांच्या दारापर्यंत दोनदा गेले. काय सांगू? परवानगी न घेता बंद केलं आणि माणूस मारला? प्रोबेत्साइट जाईल, ऑक्टोबर जाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाज वाटते, पण परत आले.

मला आता समजतंय ते असं. भिंतीतलं ते जे काही आहे, ते आल्ब्रेख्टला धरून होतं. त्याचं संपलं म्हणून दुसरं कुणीतरी शोधत वर आलं. आणि मी बोट दिलं.

सोमवार, ११ मे

नख निघालं. आंघोळ करताना, साबणाबरोबर. खाली रक्त नाही, गुलबट ओल. कातडीखाली बारीक रेघा दिसतात, मनगटापर्यंत. मोजल्या. आठ.

थंडी वाजते. दोन रजया घेतल्या तरी जात नाही. जेवण समोर आलं की मळमळतं. ध्रुवने वरणभात करायला लावला, व्हिडिओवर समोर बसून. एक घास घेतला, तोंडात चिखल. माझ्याच अंगाला फडक्याचा वास येतो. मला. माझ्या अंगाला.

मंगळवार, १२ मे

ऑफिसात माझ्या टेबलावरच्या फोनची केबल काढली आणि बोट भिंतीतल्या सॉकेटला लावलं. एवढंसं. काही सेकंद.

थंडी गेली. भूक गेली. किती बरं वाटलं, शी, किती बरं वाटलं. पडद्यावर पोर्ट सात, तेरा वॉट. चाचपणी झाली, उत्तर मिळालं. वीज सोडली.

ओढून काढलं. तार आली.

गुरुवार, १४ मे

ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. उद्याही कुणी येणार नाही, ब्र्युकनटाग, सुट्टीला जोडून रजा. घरी साध्या प्लगशी काही होत नाही. करून बघितलं. हो, बघितलं.

ईश्वरी म्हणाली, आई तुझा आवाज असा ओला का येतो. फोन ठेवला.

सोमवारी सगळं सांगते. प्रोबेत्साइट गेली खड्ड्यात. हात कापायचा असेल तर कापा. लेकीकडे जायचंय. पण सोमवारपर्यंत ही थंडी—

शुक्रवार, १५ मे, सकाळ

ऑफिसात आले. पाचच मिनिटं, असं ठरवून. इमारत रिकामी.

८.४०
निघत नाही.

डावा हात मनगटापर्यंत भिंतीत. सॉकेट कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते ते— बघवत नाही. मोबाइल पर्समध्ये, पर्स दाराशी. कीबोर्ड टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. वही तेवढी मांडीवर. उजवा हात माझा आहे अजून.

९.१०
पोर्ट सात. पंचवीस वॉट. तेरावर भागत नाही आता. पडद्यावर दिसतंय. रेघ सरळ.

दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

९.३५
पडद्यावर निरोप आला. तनयचा. आज तोच बघतोय, वोल्फ्सबुर्गहून. लिहितो, ताई, सुट्टीत त्रास देत नाही, तुम्ही मजा करा. पोर्ट सातवर फोन दिसत नाही, तरी पंचवीस वॉट जातायत. तुमचाच मंत्र वापरतो. दहा वाजता बंद करतो, बघू कोण बोंबलतं.

पुढे हसरा चेहरा.

नाही. तनय, नाही.

९.४४
पाय लांब करून पर्स— दोन वेळा. पोचत नाही. खुर्ची सरकली तर मनगटाशी फाटतं, आतून ओलं काहीतरी सांडतं. थांबले.

९.५१
ओरडून बघितलं. जीभ जड. घशातून तार आली, गुलबट. गिळली. शी. गिळली मी.

दीड वर्ष त्याची रेघ सरळ होती. त्यानेही असंच बघितलं असेल का, कुणी येतं का—

९.५७
हेर आल्ब्रेख्ट, माफ करा.

ईश्वरीला ही वही देऊ नका. तिला सांगा, आई पास—

९.५९
जिन्यात कुणी नाही. खिडकी बंद. तरी ओरडते. तनय, कुणीतरी आहे इथे, मी आहे, मी ओर