लोहगडवाडीहून परत आलेलं बी

भाऊ, आपल्या खालच्या खाचरात आंबेमोहर निसवलाय. तोच, तुमचा उंच काडीचा. सकाळी कामावर जायच्या आधी बांधावर गेले, तर लोंब्या बाहेर पडलेल्या, आणि वास असा की मी चपला हातात घेऊन तिथेच उभी राहिले. हॉटेलात पोचायला उशीर झाला, मॅनेजरची बोलणी खाल्ली, आणि ती खातानाही मला हसू आवरत नव्हतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ही बातमी बापाआधी कुणाला सांगावीशी वाटेना.

तुम्ही बियाणं एकाच घरात कधी ठेवलं नाहीत. पलटणीचा नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून आपलं बी ठेवायचं, आणि त्यातलंच दोन पायली दर अक्षय्य तृतीयेला लोहगडवाडीच्या आबांकडे. ते तुमच्याच पलटणीतले. मी एकदा कुरकुरले, तेव्हा बैलांना पाणी दाखवता दाखवता तुम्ही म्हणालात, "दारूगोळा कदी एका जागी ठेवत न्हाईत, पोरी. एक कोठार उडालं तर दुसऱ्यावर लढता येतं." लढाईबद्दल तुम्ही एवढंच बोलायचात. गुडघ्यात राहिलेल्या लोखंडाच्या तुकड्याबद्दल तर तेवढंही नाही.

शेवटच्या वर्षी तो पाय फारच धरला, म्हणून तुम्ही पिशवी माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेवलीत. सुट्ट्यांचा मोसम, लोणावळ्यात हॉटेल गच्च भरलेलं, एवढा घाट चढून जातंय कोण. मी पिशवी हॉटेलमागच्या कोंबड्यांपुढे रिकामी केली. ट्रंकेत आहे की भरपूर, असं मनाला सांगितलं. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दिलंस का गं?" मी म्हटलं, दिलं. तुम्ही "बरं" म्हणून जेवायला बसलात.

त्याच वर्षीच्या थंडीत तुम्ही गेलात. तेराव्यासाठी भाऊबंदांनी घरातलं भात गिरणीत नेलं, त्यात ट्रंकही रिकामी केली. ते बियाणं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सांगण्याइतकी मी भानावर नव्हते. पंगतीत सगळे भाताच्या वासाचं कौतुक करत होते. मीही दोनदा वाढून घेतला. महिन्याने ट्रंक उघडली तर तळाशी नुसता पाला. दोन्ही कोठारं गेली होती, आणि त्यातलं एक मीच उडवलं होतं. पुढे दहा वर्षं खाचरात दुकानातल्या पाकिटाचं बी पेरलं. आबांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

मागच्या थंडीत मुलीने लोहगड पाहायचाच हट्ट धरला. उतरताना भूक लागली. वाडीत आबांच्या सुनेची खानावळ आहे, पोर नेमकी तिथेच जाऊन बसली. सुनेने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मी मुलीचा दंडच धरला. भाऊ, तो वास मी ओळखणार नाही? आबा बाजेवर पडून होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि कोंबड्यांपासून तेराव्यापर्यंत सगळं एका दमात ओकून टाकलं.

आबा म्हणाले, "आगं, म्याच फोन केलता तुज्या बाला, बी आलं न्हाई म्हनून. दुसऱ्या दिशी बी घिऊन सोता आला. खालच्या भाजे गावापासनं चढ चालत, त्यो पाय घिऊन. म्हनला, पोरीला कळू दिऊ नको, तिला लय काम असतंय. तवापासनं दरसाल पेरतोय मी."

त्या संध्याकाळी तुमचा सुजलेला गुडघा मीच शेकला होता. ह्या वयात कुठे भटकता म्हणून रागावलेही होते. हे आठवून रडू यायला हवं होतं, पण खरं सांगू, मला आनंदच आवरेना. बी जिवंत होतं. आबांनी दोन पायली मोजून दिलं आणि मी ती पिशवी गड उतरेपर्यंत मुलीच्याही हातात दिली नाही.

आता दाणा भरेल, कापणी होईल, आणि येत्या अक्षय्य तृतीयेला आबांचा वाटा वाडीला जाईल. मुलगी म्हणते, "आई, मी नेऊन देते, मला आता गाडी येते." मी नको म्हटलं. रस्त्याचं निमित्त सांगितलं. हे कागदावरच राहणार आहे म्हणून लिहिते, भाऊ: ती माझ्यासारखं खोटं बोलली, तर कळल्यावर तुमच्यासारखं गप्प राहणं मला जमायचं नाही.