पुढच्या ब्रेकचे दोन बोल्ट

३ मार्च, सोमवार

लेक गाडी ढकलत घरी आली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. कोपर सोललेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली. नमुन्यांची पेटी हातात होती, गाडीला लावलेली नव्हती. तेव्हाच काय ते समजलो.

उतारावर ब्रेक दाबला आणि पुढचं चाक अडकलं, म्हणाली. कडेच्या मातीत पडली म्हणून निभावलं. मागून ट्रक येत होता, तो थांबला. अकरा घरांतलं रक्त गोळा केलं होतं, त्यातल्या सात नळ्या फुटल्या. त्या सातही घरी पुन्हा जावं लागणार, पुन्हा सुई टोचावी लागणार. तिला त्याचंच जास्त लागलं होतं.

ती आत गेल्यावर चाकाजवळ बसलो. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळणारा चिमटा, दोन बोल्टांवर बसतो. खालचा बोल्ट नाहीच. वरचा दोन आट्यांवर लटकलेला.

"रस्ता खराब आहे हो, बाबा. खड्ड्यांनी निघाला असेल," लेक खिडकीतून म्हणाली.

खड्ड्यांनी बोल्ट निघत नाही. काल सकाळी ब्रेक मीच उघडला होता, मीच बसवला होता. या गाडीला दुसरा कुणी हात लावत नाही.

४ मार्च, मंगळवार

लेक आज रिक्षाने गेली. ही दोनदा विचारून गेली, बरं नाही का. बरं आहे म्हणालो.

५ मार्च, बुधवार

डबा काढला. डोळे मिटून एकेक वॉशर बोटांत धरून बघितला — सहाचा की आठचा. दहातले चार चुकले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, काही म्हणजे काही कळत नाही. कापडातून हात लावल्यासारखं.

हे आजचं नाही. थंडीपासून सदऱ्याची बटणं ही लावून देते. मी म्हणायचो, काजं बारीक झाली असतील. तीही म्हणायची, हो, झाली असतील.

अडतीस वर्षं फिटर होतो. कारखान्यात टॉर्क रेंच आले तेव्हा आम्ही हसलो होतो. ठरलेल्या जोराला पोचला की पाना कट् करणार आणि मग आपण थांबायचं — हे काय फिटरचं काम? तपासणीला आलेल्या साहेबाने माझे बारा बोल्ट त्या पान्याने मोजले. बाराही बरोबर. "तुमचा हात विकत मिळतो का?" म्हणाला होता. ती गोष्ट मी घरी किती वेळा सांगितली असेल! लेकीला तर पाठ आहे.

८ मार्च, शनिवार

टॉर्क रेंच आणला. दुकानदाराने विचारलं, "काका, तुम्हालाच वापरायचाय?" भाच्यासाठी म्हणालो. मला भाचा नाही.

मुठीवर आकडे आहेत. मूठ फिरवून आकडा लावायचा, हळूहळू ओढायचं, कट् झालं की थांबायचं. काम झालं की मूठ सैल करून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दमते.

स्प्रिंगसुद्धा दमते म्हणे.

९ मार्च, रविवार

लिहायला नको वाटतंय.

ऑइल बदललं. ऑइल सोडायचा इंजिनाखालचा बोल्ट हाताने लावून नवं ऑइल भरलं, मग पुस्तकात बघून आकडा चोवीसवर ठेवला, ओढलं. काही वाजलं नाही. आणखी ओढलं. उजवा कान कारखान्यातच गेलेला, म्हणून डावा खाली नेला. तरी काही नाही. हाताला बारीक झटका बसतो म्हणे. ज्याच्या हाताला कळतं त्याला बसत असेल. आणखी थोडं ओढलं आणि बोल्ट एकदम हलका झाला. इंजिनाच्या भोकातले आटे गेले. नवं ऑइल फरशीवर.

ही चिंधी घेऊन आली. म्हणाली, "अहो, मघाशी दोनदा काहीतरी कट् वाजलं ते काय होतं?"

ती स्वयंपाकघरात होती. मध्ये भिंत. तिला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं.

खाली बसलो. तीही बसली, त्या तेलातच. तिला सगळं सांगितलं — बोटं, वॉशर, लेकीचा ब्रेक. ती फरशी पुसत राहिली. चिंधी पिळताना म्हणाली, "पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

 

१० मार्च, सोमवार

गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीचं गॅरेज आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडी तिथे नेली. त्याने भोकात नवे आटे बसवून दिले. चांगलं काम केलं. एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. खोटं तयार ठेवलं होतं.

१३ मार्च, गुरुवार

डॉक्टर. बोटांना सुया, तारा, झटके. मनगटात नस दबलीय, शिवाय साखर जुनी. "गेलेलं सगळं परत येईल असं नाही म्हणत. आहे ते सांभाळू." रात्री बांधून झोपायला एक पट्टा दिलाय. गोळ्यांनी तोंड कडू पडतं.

येताना हिने हात धरला होता. उजवा. मला खाली बघितल्यावर समजलं.

१६ मार्च, रविवार

ही स्टूल घेऊन आली नि गाडीशेजारी ठाण मांडलं. "तुम्ही ओढा. मी ऐकते."

मी म्हटलं, हे काय नाटक. म्हणाली, "नाटक तर नाटक. त्याशिवाय पोरगी या गाडीवर बसणार नाही."

कॅलिपरचे बोल्ट, मूठ सव्वीसवर. आकडाही तिनेच चष्मा लावून बघितला. ओढलं.

"झालं."

सवयीने आणखी जरा ओढलं. फटकन मनगटावर चापट बसली. "झालं म्हटलं ना मी?"

अडतीस वर्षांत कुठल्या साहेबाने हातावर मारलं नव्हतं.

दुसरा बोल्ट. झालं. चाकाचा मोठा नट. झालं. माझे गुडघे बोलायला लागले, तिची पाठ. या तिन्हींना पाऊण तास लागला. पूर्वी एवढ्या वेळात आख्खी गाडी उघडून बसवायचो. शेवटी तिने वहीच्या मागच्या पानावर सगळे आकडे लिहून ठेवले. मी आकडे कधी लिहिले नव्हते. लिहावे लागले नव्हते.

२३ मार्च, रविवार

हिला ताप. गाडी नुसती पुसली. एकही बोल्ट उघडला नाही.

३० मार्च, रविवार

लेक चहाचा कप घेऊन दारात उभी. "आई, तू कधीपासून मेकॅनिक?"

"तुझ्या वडिलांना मदतनीस लागतो आता. म्हातारे झाले."

लेक हसली. मीही हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पाना पेटीत ठेवला आणि आत जाऊन पडलो. काम काही विशेष नव्हतं, पण अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखं झालं होतं.

५ एप्रिल, शनिवार

कोपराची खपली निघून गेली तिच्या. खाली गुलाबी कातडं.

६ एप्रिल, रविवार

सांगितलं.

जेवायला बसलो होतो. ही मुद्दाम उठून आत गेली. मी म्हणालो, "तो ब्रेकचा बोल्ट खड्ड्याने नव्हता निघाला. मी सैल ठेवला होता. मला वाटलं घट्ट केलाय. बोटांना कळत नाही माझ्या."

लेक ताटाकडे बघत होती. "हं," म्हणाली. मग, "भात वाढू?"

"एवढंच?"

"अजून काय म्हणू, बाबा? आता आई ऐकते ना." आणि भात वाढला, नेहमीपेक्षा जास्त.

महिनाभर पोटात दगड घेऊन फिरत होतो, आणि तिने तो भाताखाली झाकून टाकला. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ओरडली असती तर कदाचित वाटलं असतं.

१२ एप्रिल, शनिवार

ब्रेकचं ऑइल संपलं म्हणून मिस्त्रीकडे गेलो. बाटली देताना म्हणाला, "काका, आता मस्त घट्ट असतं हं सगळं. मागच्या रविवारी ताईंना म्हटलंसुद्धा, आता दाखवायला आणायची गरज नाही."

मला काही समजलं नाही. तसं म्हणालो. मग त्याने बाटली पुसत पुसत सांगितलं. दीड वर्ष झालं. मी सकाळी गाडी करायचो, लेक संध्याकाळी त्याच्याकडे आणायची. दर रविवारी सगळे बोल्ट तपासायचा. कधी एक सैल असायचा, कधी तीन. "त्या मार्चच्या रविवारी मी बाहेरगावी होतो, काका. दुकान बंद होतं. तेवढं एकदाच चुकलं." त्याचे डोळे भरले. "ताईंनी बजावलं होतं, वडिलांना कळू द्यायचं नाही. गाडी त्यांच्या हातातून काढून घ्यायची नाहीये, म्हणाल्या."

घरी आलो. लेक पहाटेची फेरी करून झोपली होती. उठवलं नाही.

उद्या रविवार. पाना लेकीच्या हातात देणार आहे. मी स्टुलावर बसेन.