नारिंगी ठिपका

प्रिय ऑड्री,

चौदा मार्चला तू दरवर्षीसारखी आपल्या रोरीच्या झाडाखाली बसायला येशील. तिथे आता झाड नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतोय.

रानातल्या अ‍ॅशच्या झाडांना बुरशी लागलीय. मरायला टेकलेल्या झाडावर आम्ही स्वयंसेवक नारिंगी ठिपका काढतो, कंत्राटदाराची माणसं ते पाडतात आणि पसारा पुन्हा आम्हीच आवरतो. शनिवारी सात जण होतो, सगळे पेन्शनीतले, गुडघे कुरकुरणारे. घोट्यापर्यंत चिखल. फांद्या ओढून ओढून सगळ्यांचे हात भरून आले. आमच्यावर देखरेख करणारी जेनेट रोरीच्या झाडाच्या बुंध्याशी थांबली. लाकूड गाभ्यापर्यंत पांढरंशुभ्र, कुठे डाग नाही. म्हणाली, "हा ठिपका ज्यानं काढला, त्याचे डोळे तपासून घ्या रे कुणीतरी." सगळे हसले. मीही हसलो.

ठिपका माझा होता, ऑड्री, आणि डोळे ठीक आहेत. बावीस वर्षं तू त्या खोडाला गाल लावून बसायचीस आणि मला ते झाड उभं बघवत नव्हतं. पडल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

मग खोड कापताना माझ्या करवतीचे दात आत कशात तरी अडकले. खिळा निघाला. रोरीनं चढण्यासाठी ज्या फळ्या ठोकल्या होत्या, त्यांतल्याच एकीचा. आमच्यातला बर्नार्ड म्हणाला, झालं, करवत गेली कामातून. मी खिळा पक्कडीनं उपटून खिशात टाकला आणि चहाला न थांबता घरी आलो.

शेडला कुलूप लावायला तू विसरलीस, म्हणून त्यानं खिळे नेले, फळ्या ठोकल्या आणि त्यांतलीच एक निसटून तो पडला आणि गेला, असं तू आजवर धरून बसलीस. आपला संसार त्याच्यावरच मोडला. तू रडायचीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवायचो, माफ केल्यासारखा. त्या सकाळी तू दुकानात गेल्यावर तो सारखा मागे लागला होता. मला पेपर वाचायचा होता. शेड मी उघडली, खिळे आणि हातोडी मी त्याच्या हातात दिली. कुलूप तू लावलं होतंस. खिळा सोबत पाठवतोय.

अजूनही तुझाच,
क्लाइव