समईला नाव ठेवलं

॥ श्री ॥

कुंभकोणम्
बुधवार, ता. १० सप्टेंबर २०२५

चि. रक्षास आज्जीचे अ. उ. आ.

सगळ्यांत आधी आला तो शेषाद्री. चेन्नैच्या मोठ्या दुकानासाठी माल निवडतो तो. तू लहान असता 'रक्षा की राक्षसी' म्हणून तुला रडवायचा, तोच. त्याच्या मागून दोघं नवे. त्यातल्या एकाच्या कानात पांढरं काही खोचलेलं. मला वाटलं, बिचारा माझ्यासारखाच बहिरा, म्हणून मी त्याच्याशी ओरडून बोलले. नंतर कळलं की तो गाणी ऐकत होता.

तिघांनी फिल्टरची कापी घेतली, आपल्या पट्टरैत ओतलेल्या समया उचलून, वाजवून पाहिल्या. मग शेषाद्री खाली मान घालून म्हणाला की अशा समया आता दहा ठिकाणी मिळतात, गिऱ्हाईक बघून पुढं जातं. काही नवं दाखवा, नाहीतर यंदा कार्तिकै दीपम्‌च्या सणाचा माल दुसरीकडून घेऊ. पंधरा ऑक्टोबरला एकदाच परत येतो म्हणाला. तुझा बाप विश्वेश समया परत फळीवर ठेवू लागला.

माझ्या कानात गुपित सांगायचं म्हणजे साऱ्या रस्त्याला सांगायचं, म्हणून विश्वेशनं मला कागदावर लिहून दिलं. ही मागणी हातची गेली तर दिवाळी झाली की भट्टी बंद. चौदा माणसं घरी. त्यांना अजून ठाऊक नाही. माझ्या सासऱ्यांनी पेटवलेली भट्टी ती, मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिचा धूर खाते आहे. कागद वाचून मी चुलीत घातला आणि त्या दिवशी सारात मीठ दोनदा पडलं.

तुला पुण्यात लोकांना डोकं चालवायला शिकवायचा पगार मिळतो म्हणे. मग आम्हांलाही शिकव की. विश्वेश लेकीचं ऐकायचा नाही, पण मला रोज चार वाजता सगळ्यांना कापी द्यायला पट्टरैत जावं लागतंच. फोन करू नकोस, मला त्यात नुसती कुरकुर ऐकू येते. लिही. मी तिसरीपर्यंतच शिकले, तरी बोट ठेवून ठेवून वाचते.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
अलमेलु आज्जी


पुणे
बुधवार, ता. १७ सप्टेंबर २०२५

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. इथं तुझ्या मराठीला जुनी म्हणतात, मी 'बरवं' म्हटलं तर हसतात, पण तुझं अक्षर पाहून गप्प झाले. (तुझ्या 'ळ'ला मात्र अजून शेपूट फुटतं.)

वाचून आधी गावचं तिकीटच बघायला लागले. पण आज्जी, नवं काही सुचतं ते ज्यांचे हात रोज त्या कामात असतात त्यांनाच. आमच्या पंपांच्या कारखान्यातही तसंच आहे. अडचण एवढीच की त्यांना कुणी विचारत नाही. आपल्याकडे अप्पा सांगतात, बाकीचे करतात. पणजोबांच्या साच्याला कुणी हात लावत नाही.

म्हणून तू असं कर. शुक्रवारी कापीच्या वेळी सगळ्यांना गोल बसव. समई मध्ये ठेव. प्रत्येकानं तिला नाव ठेवायचं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. लाजायचं नाही. नाव ठेवलं की वस्तू आपली वाटायला लागते, मग पुढचं आपोआप सुचतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तेवढा वेळ अप्पांनी तोंड उघडायचं नाही. हे त्यांना त्यांची आई म्हणून तूच सांगू शकतेस.

माझी इथं झोप उडाली आहे. काय होतं ते लगेच कळव.

तुझी लाडकी राक्षसी,
रक्षा


॥ श्री ॥

कुंभकोणम्
मंगळवार, ता. ३० सप्टेंबर २०२५

चि. रक्षास अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिकलेली माणसं काय काय सांगतात असं वाटलं, पण तू सांगितलंस म्हणून केलं. शुक्रवारी सगळ्यांना दारापुढच्या तिन्नैच्या ओट्यावर बसवलं, समई मध्ये ठेवली आणि तमिळमध्ये सांगितलं की आमच्या रक्षानं पुण्याहून लिहिलंय, या समईला प्रत्येकानं नावं ठेवायची. काय काय खोट आहे, उणं आहे, ते सगळं बोलायचं. मुदलाळी मालक मध्ये बोलणार नाहीत. तुझ्या बापाला मी आधीच दम दिला होता. तो ओठ मिटून भिंतीला टेकला, जसा लहानपणी एरंडेल घेताना टेकायचा.

मालकाच्या तोंडावर त्याच्या आज्याच्या समईला नावं कोण ठेवणार? मग म्हटलं, मीच सुरू करते. सांगितलं की सत्तावन्न वर्षं ही घासते आहे आणि हिचा मधला गोळा धरला की हात सटकतो. दोनदा पायावर पडली आहे. हसले सगळे. त्यानंतर जी तोंडं सुटली, काय सांगू! कापी निवून गेली. एक म्हणाला हिचा स्क्रू अडकतो, एक म्हणाला बुड जड आणि वर हलकी, एक म्हणाला हिच्यावरचा हंस कोंबडीसारखा दिसतो. तो हंस तुझ्या बापानं स्वतः काढलेला.

मग वसंता. चोळपुरम्‌हून अकरा वर्षं बसनं येते ती, समया चिंचेनं घासून लखलखीत करते. ती हळूच म्हणाली की वातीच्या चोचीखालून तेल उलटं मागं येतं, दांड्यावरून उतरतं आणि खाली तळं होतं. घरोघरच्या बायका समईखाली ताट ठेवतात ते ह्याचसाठी. तिच्याकडे डागडुजीला येणारी प्रत्येक समई दांड्याशीच काळी पडलेली असते. ओतारी रंगा लगेच म्हणाला की चोच खालून जरा आत वळवली तर तेल मागं जायचं नाही. त्याच्या हाताला हे कधीचं कळतंय, पण साचा बदलायचा कुणी?

विश्वेश उठून गेला. दोन दिवस जेवायलाही खाली आला नाही. नवरात्राच्या बाहुल्यांच्या कोलूसमोरही येऊन बसला नाही. वसंता मला आज्जीच मानते, म्हणाली, पाटी, माझं काम गेलं. मीही घाबरले, तुला खोटं कशाला सांगू.

काल सकाळी तो जुनी समई घेऊन खाली आला, वसंतासमोर ठेवली आणि म्हणाला, बोटानं दाखव तेल कुठून येतं. तिनं दाखवलं. त्यानं तिथं आपलं बोट फिरवून बघितलं. मग विचारलं, "अकरा वर्षं तुला हे माहीत आहे. बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "मुदलाळी, विचारलं का कुणी?"

तुझ्या बापानं रंगाला हाक मारली. रंगाचे मेव्हणे स्वामीमलैला मूर्ती ओततात. त्यांच्याकडून मेण आणायला तो कालच दुपारच्या बसनं गेला. आधी मेणात चोच वळवून बघायची, जमली तरच साचा करायचा. दिवस उरले पंधरा, त्यात उद्या आयुधपूजा, अवजारांना हात लावायचा नाही.

पुण्याला थंडी पडली असेल तर कान बांध.

तुझ्यावर जीव असलेली,
आज्जी


पुणे
रविवार, ता. ५ ऑक्टोबर २०२५

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी कपाळाला हात लावला, मग इतकी हसले की घरमालकीण बघायला आली. अगं आज्जी, मी 'नाव ठेवायचं' लिहिलं होतं, 'नावं ठेवायची' नाही! बाळाचं नाव ठेवतात तसं. कुणी तिला 'लक्ष्मी' म्हटलं असतं, कुणी 'ज्योती', एवढंच माझ्या मनात होतं. आमच्या कंपनीत हाच खेळ मी दोनदा घेतला. छान छान नावं मिळाली, टाळ्या झाल्या, आणि पंप होते तिथंच राहिले.

काल साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही पंपाला नावं ठेवणार आहोत, आणि साहेब भिंतीला टेकून ओठ मिटून बसणार आहेत.

अप्पा अजून रागावलेत का? माझ्याशी फोनवर फक्त जेवलीस का एवढंच विचारतात. पंधरा तारखेला मी रजा टाकून यावं असं फार वाटतं, पण मिळायची नाही. वसंताक्काला माझा नमस्कार सांग.

चुकलंमाकलं पोटात घालणाऱ्या आज्जीची,
रक्षा


॥ श्री ॥

कुंभकोणम्
शुक्रवार, ता. १७ ऑक्टोबर २०२५

चि. रक्षास आज्जीचे पोट भरून आशीर्वाद.

बाळाचं नाव ठेवायचं होतं म्हणतेस? मग नामकरण असं सरळ लिहायचं. आपल्या घरात नाव ठेवणं म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही? तुझी पणजी माझ्या प्रत्येक भाताला ठेवायची. असो, तुझं चुकलं ते बरवंच झालं.

आता ऐक. पहिल्या सात समया बिघडल्या. एकीची चोच फाटली, दुसरीचं तेल मागं येईना पण पुढून टपकू लागलं, तिसरीची चोच तर बदकासारखी वासली. पूर्वी एक समई बिघडली की विश्वेशचा आवाज देवळापर्यंत जायचा. या खेपेला त्यानं सातही बिघडलेल्या तिन्नैवर ओळीनं मांडल्या, सगळ्यांना बोलावलं, आणि स्वतः गप्प बसून नावं ठेवून घेतली. मी दम दिला नव्हता हो. आठवी रंगानं चौदा तारखेला साच्यातून काढली. तेल दांड्याकडे आलं नाही. गोळ्यावर खाचाही घातल्या आहेत, आता हात सटकत नाही. हंस मात्र कोंबडीच राहिला, त्याला वेळ कुठला?

बुधवारी शेषाद्री आला, मागून तेच दोघं. विश्वेशनं भाषण केलं नाही. जुनी आणि नवी शेजारी ठेवली, दोघींखाली पांढरा कागद घातला, दोन्हींत सारखं तेल घालून पाची वाती लावल्या आणि म्हणाला, चला जेवायला. मी आंबट भाजी, डांगर पच्चडी आणि पायसम् केलं होतं. चौदा जणांपैकी त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही, सगळे दारात उभे. तोवर त्यांनाही सगळं कळलं होतं. विश्वेशनंच आयुधपूजेच्या दिवशी सांगून टाकलं होतं की ही मागणी हातची गेली तर काय होणार. एकही जण काम सोडून गेला नाही. उलट सुट्टीच्या दिवशीही आले.

दोन तासांनी सगळे उठून आले. शेषाद्रीनं जुनीखालचा कागद उचलला, तो पापडासारखा तेलकट. नवीखालचा उचलला, उजेडाला धरला, उलटा केला, पुन्हा धरला. कोरा. मग खाली वाकून दांड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट आपल्या पांढऱ्या शर्टाला पुसलं. डाग नाही. कानात खोचणाऱ्यानं कानातलं काढून खिशात टाकलं.

तीनशे समया मागितल्या, रक्षा. तीनशे! आणि त्यानं विचारलं की दुकानाच्या छापील यादीत हिला काय म्हणायचं. सगळे विश्वेशकडे बघू लागले. माझ्या मनात आलं, आता आपल्या आज्याचं नाव सांगेल. तो म्हणाला, "वसंता. हिचं नाव वसंता."

तिला रडू आलं असेल असं तुला वाटेल. तिनं पदरानं हात पुसले, समईपाशी गेली आणि शेषाद्रीला म्हणाली की बुडाजवळची ही तिसरी कडी फार अरुंद आहे, घासताना तिच्यात बोट जात नाही, पुढच्या खेपेला ती काढली पाहिजे. आपल्याच नावाच्या समईला, पाहुण्यांसमोर! रंगा इतका हसला की त्याला उचकी लागली. शेषाद्रीनं ते वहीत लिहून घेतलं आणि हसता हसता विश्वेशला म्हणाला की हे लोक मला देऊन टाका. विश्वेश म्हणाला, समया न्या.

आता दर शुक्रवारी कापीला सगळे बसतात. तुझा बाप भिंतीला टेकतो. आज सकाळी मला कागदावर लिहून विचारलं की पुढच्या शुक्रवारी मीही एक नाव ठेवलं तर चालेल का. मी लिहून दिलं, विचार करून सांगते.

भट्टी धडधडते आहे, दिवाळीची सुट्टी दीड दिवसाचीच. तू येशील तेव्हा हंसाचं काय करायचं ते बघून सांग. शेषाद्री आणि ते दोघं पहिल्या शंभर समया न्यायला शुक्रवारी, चौदा नोव्हेंबरला, परत येतो म्हणाले आहेत.

अलमेलु आज्जी